‘फाइट’ हा शब्द कुठे चालतो आणि कुठे चालत नाही: इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

इंग्रजी लिहायला नव्याने सुरुवात केलेल्या एका विद्यार्थिनीने मला आपल्या ई-मेलचा मसुदा तपासायला दिला होता. कामाच्या वाटणीवरून तिचे आणि तिच्या सहकाऱ्याचे बिनसले होते आणि वरिष्ठांनी त्यात लक्ष घालावे, एवढीच तिची विनंती होती. तिने लिहिले होते, ‘आय गॉट इंटू अ फाइट विथ माय कलीग.’ व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात एकही चूक नव्हती. तरीही ते वाचणाऱ्या वरिष्ठांच्या मनात पहिला प्रश्न आला असता तो हाच, की कोणाला लागले वगैरे तर नाही ना. तिच्या मनात होती शब्दाची बाचाबाची आणि कागदावर उतरली होती हाणामारी.

ही चूक शब्दसंग्रह कमी असल्यामुळे होत नाही. मराठीत भांडण तोंडाने होते, मारामारी हाताने होते आणि लढा एखाद्या ध्येयासाठी दिला जातो. तीन गोष्टींना तीन शब्द आहेत आणि आपण ते न चुकता वापरतो. इंग्रजीत मात्र ‘फाइट’ हा एकच शब्द या तिन्हींवर पसरलेला आहे, आणि त्याचा कोणता अर्थ घ्यायचा हे आजूबाजूचे शब्द ठरवतात. म्हणून हा शब्द शिकायला सोपा आणि वापरायला जोखमीचा आहे. पुढे जे सांगतो आहे ते याच क्रमाने वाचावे: आधी खुद्द ‘फाइट’ नीट ओळखावा, मग त्याच्या मागेपुढे येणारे शब्द पाहावेत, आणि त्यानंतरच त्याच्या समानार्थी शब्दांकडे वळावे. समानार्थी शब्दांची यादी आधी पाठ करण्याची सवय अनेकांना असते. ती या शब्दाच्या बाबतीत फार महागात पडते.

पायरी पहिली: शब्दाचे रूप आणि उच्चार पक्का करा

‘फाइट’मधला पहिला वर्ण म्हणताना आपण ‘फळ’ शब्दातला फ वापरतो, तेव्हा दोन्ही ओठ मिटून उघडतात. इंग्रजी उच्चारात वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकतात आणि मधल्या फटीतून हवा घासत बाहेर पडते. आरशासमोर उभे राहून दहा वेळा म्हणून पाहिले, की फरक लगेच जाणवतो. शब्दाच्या लेखनात मध्ये जी आणि एच ही दोन अक्षरे आहेत, पण त्यांचा उच्चार होत नाही. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘फेओख्तान’च्या जवळपास उच्चारले जात असे आणि तिथे ख सारखा घर्षणाचा आवाज खरोखरच होता. उच्चारातून तो आवाज गेला, लेखनात अक्षरे तशीच राहिली. याच कुळातले जर्मन क्रियापद ‘फेख्टेन’ आजही त्या आवाजासह बोलले जाते. त्याचा आजचा मुख्य अर्थ तलवारबाजी करणे असा आहे.

भूतकाळी रूप ‘फॉट’ आहे आणि पूर्ण काळातही ‘फॉट’च राहते. ‘फाइटेड’ असे रूप इंग्रजीत नाही. ‘थॉट’, ‘बॉट’, ‘ब्रॉट’, ‘कॉट’ या ओळखीच्या रूपांबरोबर ‘फॉट’ म्हणून ठेवले, की ते कानात बसते.

नाम म्हणून वापरताना ‘अ फाइट’ असे एकवचनी आणि ‘फाइट्स’ असे अनेकवचनी रूप येते. एक वापर मात्र वेगळा आहे: ‘देअर वॉज नो फाइट लेफ्ट इन हिम’ म्हणजे त्याच्यात लढण्याची उमेदच उरली नव्हती. इथे ‘फाइट’ मोजता येत नाही, कारण तो प्रसंग नसून अंगातली धमक आहे.

क्रियापदाबाबत एक सोयीची गोष्ट आहे. मराठीत आपण लढतो कोणाशी तरी, पण लढवतो खटला, निवडणूक किंवा किल्ला. इंग्रजीत ‘फाइट’लाच थेट कर्म जोडता येते, मधे काही लागत नाही: ‘फाइट द एनिमी’, ‘फाइट अ केस’, ‘फाइट ॲन इलेक्शन’, ‘फाइट अ फायर’. यातला निवडणुकीचा प्रयोग ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत रुळलेला आहे. अमेरिकन माणूस त्याऐवजी ‘रन फॉर ऑफिस’ म्हणेल.

पायरी दुसरी: मागेपुढे येणारे छोटे शब्द सांभाळा

सर्वांत जास्त गोंधळ ‘विथ’ करतो. ‘ही फॉट विथ हिज ब्रदर’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, तो भावाशी भांडला. दुसरा, तो भावाच्या बरोबरीने, भावाच्या बाजूने लढला. मराठीत ‘भावाशी’ म्हटले की अर्थ उघड होतो. ‘भावाबरोबर’ म्हटले तर थोडा संदिग्ध राहतो, हे आपल्यालाही माहीत आहे. घरगुती प्रसंग असेल तर ‘विथ’चा पहिलाच अर्थ घेतला जातो आणि अडचण येत नाही. युद्धाबद्दल किंवा चळवळीबद्दल लिहीत असाल, तर मात्र ‘विथ’ टाळावे. विरोधात असेल तर ‘अगेन्स्ट’ आणि बरोबरीने असेल तर ‘अलाँगसाइड’, असे स्पष्ट लिहावे. इतिहासावरच्या उत्तरपत्रिकेत या एका शब्दामुळे मित्रराष्ट्राचे शत्रुराष्ट्र झालेले मी पाहिले आहे.

ध्येयासाठी लढायचे असेल तर ‘फॉर’: ‘दे फॉट फॉर द राइट टू व्होट’ म्हणजे ते मतदानाच्या हक्कासाठी लढले. ‘फायटिंग फॉर हर लाइफ’ म्हणजे ती मृत्यूशी झुंजते आहे. इथे मराठी मृत्यूचे नाव घेते आणि इंग्रजी जीवनाचे, हे लक्षात ठेवले तर ‘फायटिंग विथ डेथ’ असे अवघडलेले वाक्य हातून होणार नाही.

भांडणाचे कारण सांगताना ‘ओव्हर’ किंवा ‘अबाउट’ येते. दोहोंत बारीक फरक आहे. जी वस्तू, जागा किंवा हक्क दोघांनाही हवा आहे, तिथे ‘ओव्हर’ जास्त शोभते: ‘द चिल्ड्रन फॉट ओव्हर द टॉय’. विषय निव्वळ बोलण्याचा असेल, तर ‘अबाउट’: ‘दे ऑल्वेज फाइट अबाउट मनी’. हा नियम काटेकोर नाही, पण कान तयार होईपर्यंत तो पाळणे बरे.

लढा कुठे होतो हे सांगायला ‘इन’ आणि ‘ऑन’ लागतात. विन्स्टन चर्चिल यांनी 4 जून 1940 रोजी ब्रिटिश संसदेत केलेल्या भाषणात ‘वी शॅल फाइट’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात आणि दर वेळी फक्त जागा बदलते: समुद्रकिनाऱ्यांसाठी ‘ऑन द बीचेस’, शेतांसाठी आणि रस्त्यांसाठी ‘इन द फील्ड्स अँड इन द स्ट्रीट्स’, टेकड्यांसाठी ‘इन द हिल्स’. सपाट उघड्या जागेवर ‘ऑन’ आणि वेढलेल्या जागेत ‘इन’, हा धडा यापेक्षा चांगल्या रीतीने क्वचितच मिळेल. कोणाशी लढायचे हे त्या वाक्यांत कुठेही सांगितलेले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. ‘फाइट’ कर्माशिवाय एकटाही उभा राहू शकतो.

आता त्या विद्यार्थिनीच्या वाक्याकडे परत येऊ. ‘हॅव अ फाइट’ आणि ‘गेट इंटू अ फाइट’ हे दोन प्रयोग नवशिक्यांना एकच वाटतात. पतिपत्नी, बहीणभाऊ, जिवलग मित्र यांच्याबाबत ‘वी हॅड अ फाइट’ म्हटले तर ऐकणारा बहुधा शब्दांचेच भांडण समजतो. ‘ही गॉट इंटू अ फाइट’ म्हटले, की हातापायी झाली असावी असा समज होतो, विशेषतः ती माणसे परस्परांच्या जवळची नसतील तर. कार्यालयातल्या लेखी मजकुरात दोन्ही नकोत. तिथे ‘डिसअग्रीमेंट’ हा शब्द योग्य आहे, आणि तिने शेवटी तोच वापरला.

पायरी तिसरी: शब्द निवडण्याआधी प्रश्न विचारा

समानार्थी शब्दांचा कोश उघडला, की ‘फाइट’च्या खाली शब्दांची रांग दिसते. 1852 साली पीटर मार्क रोजे यांनी आपला प्रसिद्ध इंग्रजी पर्यायकोश छापला, तेव्हा त्यांनी शब्द कल्पनांनुसार एकत्र मांडले. त्यांच्यातला फरक समजावून सांगणे हा त्या मांडणीचा उद्देश नव्हता. ज्याला भाषा आधीच येते, त्याला विसरलेला शब्द आठवून देण्यासाठी असा कोश उत्तम आहे. नवशिक्याला मात्र तो सगळे शब्द एकाच वजनाचे असल्याचा भास करून देतो. म्हणून कोशातून शब्द उचलण्याआधी स्वतःला विचारावे: हे भांडण जिभेचे आहे की हाताचे? दोघांचे आहे की जमावाचे? घटकाभराचे आहे की वर्षानुवर्षांचे?

जिभेचे असेल, तर पहिला आणि सर्वांत उपयोगी शब्द ‘आर्ग्युमेंट’ आहे. पण त्याला दोन तोंडे आहेत. ‘दे हॅड ॲन आर्ग्युमेंट’ म्हणजे त्यांची वादावादी झाली. ‘शी मेड अ स्ट्राँग आर्ग्युमेंट’ म्हणजे तिने भक्कम युक्तिवाद केला. इथे भांडणाचा लवलेशही नाही, उलट तिची स्तुती आहे. कोणता अर्थ घ्यायचा हे ‘हॅव’ आणि ‘मेक’ ही क्रियापदे सांगतात. विशेषणही खूण देते: ‘हीटेड’ आले की वादावादी, ‘कन्व्हिन्सिंग’ आले की युक्तिवाद. या शब्दाचे लॅटिन मूळ स्पष्ट करणे, सिद्ध करणे असा अर्थ सांगते. म्हणजे युक्तिवादाचा अर्थच मुळाला जवळचा आहे.

‘क्वॉरल’ हा जुन्या वळणाचा शब्द आहे. तो समजतो सगळ्यांना, पण रोजच्या बोलण्यात आता ‘आर्ग्युमेंट’ आणि ‘फाइट’ यांनीच त्याची जागा बरीचशी घेतली आहे. त्याचे मूळ लॅटिनमधल्या तक्रार या अर्थाच्या शब्दात आहे आणि ती तक्रार एका वाक्प्रयोगात अजून जिवंत आहे: ‘आय हॅव नो क्वॉरल विथ दॅट’ म्हणजे त्याला माझी हरकत नाही. हे वाक्य बैठकीत ऐकले, तर कोणी भांडणाचा विषय काढला असे समजू नये. बोलणारा संमतीच देतो आहे.

ब्रिटिश इंग्रजीत ‘राउ’ हा शब्द फार चालतो. तो लिहिताना रांग या अर्थाच्या ‘रो’सारखाच, तीन अक्षरांत लिहितात, उच्चार मात्र ‘काउ’शी जुळणारा आहे. घरातल्या मोठ्या आवाजातल्या भांडणापासून वर्तमानपत्रात गाजणाऱ्या राजकीय वादापर्यंत सगळीकडे तो येतो. मथळ्यात हा शब्द दिसला आणि रांगेचा अर्थ लागेना, तर उच्चार बदलून पाहावा.

लहानसहान भांडणांसाठी इंग्रजीत शब्दांची चंगळ आहे. क्षुल्लक गोष्टीवरून पोरकटपणे भांडणे म्हणजे ‘स्क्वॅबल’. सतत कुरबूर करत राहणे, एकमेकांना टोचत राहणे म्हणजे ‘बिकर’. प्रेमातल्या माणसांचा किंवा मित्रांचा थोडा वेळ टिकणारा रुसवाफुगवा म्हणजे ‘टिफ’, आणि तसाच छोटा खटका म्हणजे ‘स्पॅट’. यातला कोणताही शब्द वापरला, की लिहिणारा त्या भांडणाला फारसे महत्त्व देत नाही हे वाचणाऱ्याला कळते. म्हणून दुसऱ्याच्या गंभीर दुःखाबद्दल बोलताना हे शब्द वापरू नयेत. एखाद्याचा संसार मोडण्याच्या बेतात असताना त्याला ‘टिफ’ म्हणणे दुखावणारे आहे.

हाताचे भांडण असेल, तर मराठीच आपल्याला वाट दाखवते, कारण या बाबतीत मराठी फार नेमकी आहे. धक्काबुक्की, गुद्दागुद्दी, झोंबाझोंबी, हाणामारी: कोणत्या अंगाने काय केले हे शब्दातच आले. घटकाभराची गोंधळाची झटापट म्हणजे ‘स्कफल’. त्यात फार कोणाला लागलेले नसते. एखादी वस्तू हिसकावण्यासाठी किंवा वरचढ होण्यासाठी झालेली खेचाखेच म्हणजे ‘टसल’. चारचौघांत, बऱ्याच जणांची, आरडाओरड्यासह झालेली हाणामारी, बोलीत ज्याला राडा म्हणतात ती, म्हणजे ‘ब्रॉल’. मुठींनी लढले असतील तर ‘फिस्टफाइट’. पोलिसांच्या किंवा कार्यालयाच्या कागदात ‘ऑल्टरकेशन’ हा औपचारिक शब्द दिसतो. तो मुळात शब्दांच्या चकमकीसाठी आहे. हातापायीही झाली असेल तर ‘फिजिकल ऑल्टरकेशन’ असे विशेषण लावून लिहितात.

गट किंवा सैन्य असेल, तर छोटी चकमक ‘स्कर्मिश’, एक लढाई ‘बॅटल’ आणि अनेक लढायांचे मिळून झालेले युद्ध ‘वॉर’. लढाई हरून युद्ध जिंकता येते, हे वाक्य इंग्रजीत ‘लूझ द बॅटल बट विन द वॉर’ असे येते आणि त्यातून दोन शब्दांचे नाते स्पष्ट होते. दोन कुटुंबांत किंवा दोन घराण्यांत पिढ्यानपिढ्या चालणारे वैर म्हणजे ‘फ्यूड’. एका दिवसाच्या भांडणाला ‘फ्यूड’ म्हणता येत नाही, कारण काळ हाच त्या शब्दाचा प्राण आहे. भाऊबंदकीला मला ‘फॅमिली फ्यूड’ हाच सर्वांत जवळचा शब्द वाटतो.

पायरी चौथी: कागदोपत्री येणारे तीन शब्द वेगळे ठेवा

‘डिस्प्यूट’, ‘कॉन्फ्लिक्ट’ आणि ‘क्लॅश’ हे शब्द शिकलेल्या माणसांच्या लेखनातही एकमेकांच्या जागी येतात, म्हणून इथे जरा थांबू.

‘डिस्प्यूट’मध्ये एक ठरावीक मुद्दा असतो आणि दोन्ही पक्षांचा त्यावर दावा असतो. सीमेचा तंटा, मालमत्तेचा तंटा, कामगार आणि व्यवस्थापन यांचा वाद, बिलातल्या रकमेबद्दलची हरकत, हे सगळे ‘डिस्प्यूट’. तो न्यायाधीशापुढे किंवा लवादापुढे नेता येतो. विशेषणाबाबत एक सापळा आहे. मराठीत आपण ‘वादग्रस्त जमीन’ म्हणतो आणि ‘वादग्रस्त विधान’ही म्हणतो. इंग्रजीत जमीन ‘डिस्प्यूटेड’ असते आणि विधान ‘कॉन्ट्रोव्हर्शियल’ असते. जमिनीवर दोघांचा दावा आहे. विधानावर कोणाचा दावा नाही, त्याने फक्त वादळ उठवले आहे.

‘कॉन्फ्लिक्ट’चा लॅटिन अर्थ एकमेकांवर आदळणे असा आहे. नाम असताना उच्चाराचा जोर शब्दाच्या पहिल्या भागावर येतो, ‘कॉन्फ्लिक्ट’. क्रियापद असताना तो दुसऱ्यावर जातो आणि पहिला स्वर आखडून ‘कन्फ्लिक्ट’ असा ऐकू येतो. ‘रेकॉर्ड’ आणि ‘परमिट’ या शब्दांतही असाच बदल होतो. माणसे भांडतात, पण ‘कॉन्फ्लिक्ट’ निर्जीव गोष्टींतही असतो: दोन साक्षीदारांचे जबाब परस्परविरोधी असतात, दोन नियम एकमेकांना छेद देतात, दोन बैठका एकाच वेळी येतात. कार्यालयात कोणी ‘आय हॅव अ कॉन्फ्लिक्ट ॲट थ्री’ म्हटले, तर तीन वाजता त्याला दुसरे काम आहे एवढाच अर्थ घ्यावा. ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ म्हणजे हितसंघर्ष: निर्णय घेणाऱ्याचा स्वतःचा फायदा त्याच निर्णयात गुंतलेला असणे. त्यात कोणी कोणाशी भांडलेले नसते. मनाची ओढाताण होत असेल, तर ‘आय फील कन्फ्लिक्टेड’ म्हणतात. आपण त्याला मन द्विधा होणे म्हणतो.

युद्धाबाबत या शब्दाला एक नेमके स्थान आहे. 1949 च्या जिनिव्हा करारांनी घोषित युद्धाबरोबरच ‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट’ हा शब्दप्रयोग वापरला, कारण युद्ध जाहीरच केलेले नाही या सबबीवर कोणाला करारातून सुटता येऊ नये. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संघर्षविषयक माहितीसंग्रहात एका वर्षात लढाईमुळे किमान 25 माणसे मृत्युमुखी पडली, तर त्याची नोंद ‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट’ म्हणून होते आणि हा आकडा 1,000 वर गेला, की त्याला ‘वॉर’ म्हणतात. बातमीत ‘कॉन्फ्लिक्ट’ वाचून तो ‘वॉर’चा सौम्य पर्याय आहे असे वाटते, आणि काही वेळा तसा वापरही होतो, पण त्यामागे असा हिशेबही असू शकतो.

इथे मराठीतून येणारी एक चूक सांगितलीच पाहिजे, कारण ती अगदी चांगल्या मराठी लिहिणाऱ्यांकडून होते. आपला ‘संघर्ष’ दोन कामे करतो. दोन देशांत संघर्ष होतो, आणि एखादी आई मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्यभर संघर्ष करते. पहिला ‘कॉन्फ्लिक्ट’, दुसरा ‘स्ट्रगल’. आईच्या कष्टांना ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हटले, तर वाचणारा तिचे कोणाशी भांडण होते हे शोधत बसेल आणि तिचे कष्ट वाक्यातून गळून जातील. अर्जात, मुलाखतीत, स्वतःची वाटचाल सांगताना ‘माय स्ट्रगल्स’ म्हणावे. त्यातही ‘स्ट्रगल’ आणि ‘फाइट’ यांत फरक आहे: ‘स्ट्रगल’मध्ये दमछाक आहे, वाट चढणीची आहे, समोर शत्रू असेलच असे नाही, ‘फाइट’मध्ये समोर कोणीतरी किंवा काहीतरी उभे आहे.

‘क्लॅश’ हा आवाजावरून आलेला शब्द आहे, दोन धातू आपटल्यासारखा. अचानक आणि जोरात झालेली टक्कर त्याने दाखवली जाते: जमाव आणि पोलीस यांच्यात ‘क्लॅश’, दोन तारखांचा ‘क्लॅश’, आणि एकमेकांना न शोभणारे रंगही ‘क्लॅश’ होतात.

पायरी पाचवी: ‘फाइट’चे ठरलेले प्रयोग संदर्भासह शिका

वाक्प्रचार सुटे पाठ केले तर ते चुकीच्या जागी बाहेर पडतात. त्यांना मराठीतल्या जोडीदारासह लक्षात ठेवावे. ‘पिक अ फाइट’ म्हणजे कुरापत काढणे. ‘स्पॉइलिंग फॉर अ फाइट’ म्हणजे भांडणाची खुमखुमी असणे. ‘फाइट फायर विथ फायर’ म्हणजे काट्याने काटा काढणे. ‘पुट अप अ फाइट’ म्हणजे सहजासहजी हार न मानणे. यात कौतुकाचा सूर असतो आणि माणूस हरला असला तरी तो वापरता येतो. ‘फायटिंग फिट’ म्हणजे ठणठणीत. संघटनेच्या आतल्या लाथाळ्यांना ‘इनफायटिंग’ म्हणतात. ‘फाइट शाय ऑफ’मध्ये लढणे मुळीच नाही, त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीपासून अंग राखून राहणे असा आहे. ‘फाइट द गुड फाइट’ हा प्रयोग बायबलच्या 1611 च्या इंग्रजी भाषांतरात आहे. आपण ‘लढाई लढणे’ म्हणतो तसेच त्यात क्रियापद आणि कर्म एकाच घरातले आहेत.

‘फाइट ऑर फ्लाइट’ हा प्रयोग वैद्यकातून आला. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये धोक्याच्या वेळी शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी कसे सज्ज होते हे मांडले: हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायूंकडे रक्त धावते. यातला ‘फ्लाइट’ विमानाचा नव्हे. तो पळून जाणे या अर्थाच्या ‘फ्ली’ क्रियापदाचे नाम आहे.

अश्रू, झोप, मोह, सर्दी यांच्याशीही इंग्रजीत लढतात. ‘शी फॉट बॅक टिअर्स’ म्हणजे तिने डोळ्यांतले पाणी मोठ्या प्रयत्नाने आवरले. ‘ही इज फायटिंग ऑफ अ कोल्ड’ म्हणजे सर्दी अंगावर येऊ पाहते आहे आणि शरीर तिला परतवते आहे. आजाराबाबत मात्र मी एक सावधगिरी सुचवतो. ‘ही लॉस्ट हिज बॅटल’ हे वाक्य मृत्यूच्या बातमीत सर्रास येते, मराठीतही झुंज अपयशी ठरल्याचे लिहितात. पण अनेक रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना ही भाषा बोचते, कारण हरला म्हटले की तो कमी पडला असे सूचित होते. शोकसंदेश लिहिताना ‘ही डाइड आफ्टर अ लाँग इलनेस’ असे साधे वाक्य लिहावे.

जोडशब्दांकडे एकदा बारकाईने पाहा. ‘फायरफायटर’ आगीविरुद्ध लढतो, ‘फ्रीडम फायटर’ स्वातंत्र्यासाठी लढतो, ‘गनफाइट’ बंदुकांनी होते, ‘स्नोबॉल फाइट’ बर्फाच्या गोळ्यांनी, ‘बुलफाइट’ बैलाशी, आणि ‘डॉगफाइट’ बहुतेक वेळा आकाशात जवळून भिडलेल्या लढाऊ विमानांची असते. पहिला शब्द कधी शत्रू, कधी ध्येय, कधी हत्यार, तर कधी नुसती उपमा. रचना एकच, नाते दर वेळी वेगळे. नियम शोधण्यात वेळ घालवू नये. असा प्रत्येक जोडशब्द स्वतंत्र शब्द म्हणूनच शिकावा.

पायरी सहावी: क्रियापदासह नाम शिका आणि लिहून पाहा

मराठीत भांडण जुंपते, पेटते, विकोपाला जाते, मिटते किंवा मिटवले जाते. वाद उकरून काढतात. ‘भांडण सुरू झाले’ म्हटले तर चूक नाही, पण ‘जुंपले’ म्हटले की भाषा येते हे कळते. इंग्रजीतही तसेच आहे. ‘फाइट’ किंवा ‘वॉर’ ‘ब्रेक्स आउट’, म्हणजे एकाएकी पेटते. ‘आर्ग्युमेंट’ जिंकतात किंवा हरतात. ‘डिस्प्यूट’ ‘सेटल’ करतात. ‘कॉन्फ्लिक्ट’ ‘रिझॉल्व्ह’ करतात. दोघांच्या मध्ये पडून भांडण सोडवणे म्हणजे ‘ब्रेक अप अ फाइट’, आणि त्या दोघांनी नंतर समेट करणे म्हणजे ‘मेक अप’. कर्म गाळून नुसते ‘दे ब्रोक अप’ लिहिले, तर दोघांचे प्रेमसंबंध तुटले असा अर्थ होतो. म्हणून ‘फाइट’ हा शब्द तिथून गाळू नये.

सरावासाठी एकच प्रसंग घ्यावा आणि तो तीन वाचकांसाठी लिहावा. समजा, दोन सहकाऱ्यांत एका अहवालावर कोणाचे नाव आधी छापावे यावरून खटका उडाला. मित्राला सांगताना: ‘दे हॅड अ बिग फाइट ओव्हर द रिपोर्ट.’ वरिष्ठांना लिहिताना: ‘देअर इज अ डिसअग्रीमेंट अबाउट द ऑर्डर ऑफ नेम्स ऑन द रिपोर्ट.’ आणि प्रकरण तक्रार निवारण समितीपुढे गेल्यावर: ‘द डिस्प्यूट कन्सर्न्स द ऑर्डर ऑफ नेम्स.’ घटना तीच आहे. पहिल्या वाक्यात माणसे दिसतात, दुसऱ्यात मतभेद आणि तिसऱ्यात फक्त मुद्दा उरतो.

आता पुढील वाक्यांसाठी स्वतः शब्द निवडून पाहा आणि मगच खालचा परिच्छेद वाचा. दोन्ही मुले खिडकीजवळच्या जागेवरून सकाळपासून कुरकुरत आहेत. शेजारच्या दोन घराण्यांत आजोबांच्या काळापासून वैर आहे. दाराशी थोडी धक्काबुक्की झाली, पण लगेच सगळे शांत झाले. तिने अनेक वर्षे हलाखीत काढून पदवी मिळवली. परीक्षा आणि मुलाखत एकाच दिवशी आली आहे.

पहिल्यासाठी ‘बिकरिंग’ किंवा ‘स्क्वॅब्लिंग’ दोन्ही चालतील. सकाळपासून चालले आहे म्हणून मी ‘बिकरिंग’ घेईन. दुसऱ्यासाठी ‘फ्यूड’. तिसऱ्यासाठी ‘स्कफल’. चौथ्यासाठी ‘स्ट्रगल्ड’, आणि तिथे ‘फॉट’ही शोभेल, जर तिला कोणी अडवत असेल तर. पाचव्यासाठी ‘क्लॅश’ किंवा ‘कॉन्फ्लिक्ट’. बोलताना पहिला, पत्रात दुसरा. एकाही वाक्यात ‘अ फाइट’ हे नाम लागले नाही.